वऱ्हाडातलं ऊन आणि ऑस्ट्रेलियाचा सरडा

बिअर्डेड ड्रॅगन हा ऑस्ट्रेलियाच्या कोरड्या अंतर्भागातला सरडा. पूर्ण वाढला की शेपटीसकट दीड-दोन फूट भरतो आणि नीट सांभाळला तर दहा वर्षांच्या आसपास जगतो. चिडला की गळ्याखालची काटेरी कातडी फुगवून काळी करतो, म्हणून तो दाढीवाला. मोबाइलवर त्याच्या पिल्लांचे व्हिडिओ पाहून आपल्याकडच्या पोरांनाही तो हवासा वाटू लागला आहे. त्याला घरात आणावं का, आणि आणायचंच तर त्याची पहिली पेटी कशी असावी, यावरच्या दोन बाजू इथे मांडल्या आहेत. एक बाजू अकोल्याच्या मामांची. ते कृषी विद्यापीठाच्या कीटकशास्त्र विभागातून निवृत्त झालेले आणि अंगणातल्या सरड्यावर खूश असलेले. दुसरी त्यांच्या भाचीची. ती अमरावतीत फार्मसी शिकते. पिल्लू अजून आणलेलं नाही, पण पेटीचं माप सुताराला देऊन झालं आहे. माणसं काल्पनिक आहेत, मुद्दे नाहीत.

मामा: काहून वं पोरी, एवढ्या पैशात बकरी आली असती. दूध तरी देल्लं असतं तिनं. हा दाढीवाला काय देनार तुले?

भाची: काही देणार नाही, मामा. मला तो जवळून बघायचाय. पिल्लू मोठ्या सरड्यासमोर आलं की पुढचा एक पाय उचलून सावकाश गोल फिरवतं, ‘मी लहान आहे, जाऊ दे’ असं सांगितल्यासारखं. डोक्यावर मधोमध त्याला तिसरा डोळा असतो. त्यानं चित्र दिसत नाही, पण उजेड-सावली कळते. हे सगळं मला पुस्तकात नाही, समोर बघायचंय.

मामा: पाहाले आपल्या कुंपनावर काय कमी हाय? पावसाच्या तोंडावर नराची मान लालभडक होते, दंडबैठका काढल्यावानी वरखाली होते. बल्ब नाई, पेटी नाई, लाइटबिल नाई. खुर्ची टाक अन् पाय.

भाची: तो बघतेच. पण त्याला घरात आणता येत नाही आणि आणूही नये. घोरपड तर वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे. आपल्याकडे घरोघरी राघू टांगलेले असतात, तोही गुन्हाच. बिअर्डेड ड्रॅगनचं वेगळं आहे. तो कित्येक पिढ्या पिंजऱ्यातच जन्मत आलाय.

मामा: पिंजऱ्यात जन्मला हे तुले कोनं सांगतलं? विकनाऱ्यानं?

भाची: हा प्रश्न बरोबर आहे. ऑस्ट्रेलियानं १९६० च्या दशकापासून आपले जंगली प्राणी व्यापारासाठी बाहेर पाठवणं बंद केलंय. म्हणजे बाजारातलं पिल्लू एक तर पाळीव जोडीचं, नाही तर चोरट्या वाटेनं आलेलं.

मामा: पेपरात येतेच नं. बँकॉकहून विमान उतरते अन् कस्टमवाल्याइले बॅगेत सरडे, कासवं, साप सापडतात. डब्यात कोंबलेले. अर्धे मेलेले राह्यतात.

भाची: म्हणून बिल, जन्माची तारीख आणि आईबापांची माहिती लेखी मिळाल्याशिवाय मी घेणार नाही. वन्यजीव कायद्यात २०२२ साली दुरुस्ती झाली, ती १ एप्रिल २०२३ पासून लागू आहे. सायटीस नावाच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या याद्यांमधले परदेशी प्राणी आता चौथ्या अनुसूचीत आहेत. असा प्राणी ज्याच्याकडे असेल त्यानं सरकारच्या परिवेश पोर्टलवर नोंद करायची. पिल्लं झाली, प्राणी मेला, दुसऱ्याला दिला, तरी कळवायचं. फेब्रुवारी २०२४ मध्ये त्याचे नियमही निघाले. याद्या मधूनमधून बदलतात, म्हणून जातीचं शास्त्रीय नाव लिहून वन विभागाकडे आधी अर्ज करायचा आणि लेखी उत्तर घ्यायचं.

मामा: लेखी उत्तर येईस्तोवर तुह्यं पिल्लू आजोबा होईन.

भाची: होऊ दे. तोवर पेटी तयार होईल. लोक उलटं करतात. आधी पिल्लू आणतात, मग त्याला चपलेच्या खोक्यात ठेवून बल्ब शोधत फिरतात.

मामा: हां, बल्ब. त्याचंच मले हसू येते. तू म्हनतं पेटीत चाळीस डिग्री पायजे. वऱ्हाडात! २०२४ च्या मे महिन्यात अकोल्यात पारा ४५ च्या वर गेला तं कलेक्टरनं १४४ कलम लावलं. मानसाले उन्हात जमू नका म्हनलं, अन् तू सरड्याले शेकून राह्यली. वाळवंटातला गडी हाय नं तो? ठेव गच्चीवर.

भाची: गच्चीवर तो एका दुपारीत मरेल. वाळवंटातला असला तरी तो दिवसभर उन्हात पडून राहत नाही. सकाळी दगडावर चढतो, अंग ३५ अंशांच्या आसपास आलं की सरकतो. दुपारी झुडपाच्या सावलीत, नाही तर बिळात. आपल्यासारखी अंगची ऊब त्याला नाही. जागा बदलून बदलूनच तो अंगाचं तापमान राखतो. म्हणून पेटीच्या एका टोकाला बसायचा दगड ३८ ते ४२ अंश हवा, दुसरं टोक २५ ते २८ हवं आणि मधे हळूहळू उतरत जाणारी ऊब. रात्री २० च्या आसपास उतरलं तरी चालतं. कुठे बसायचं ते तो ठरवेल, मी नाही.

मामा: अन् पेटी लहान असली तं?

भाची: तर दोन्ही टोकं सारखीच तापतात आणि त्याला पळायला जागा उरत नाही. म्हणून चार फूट लांब, दोन फूट रुंद, दोन फूट उंच.

मामा: पिल्लू वीतभर नाई, अन् पेटी चार फुटाची! हरवन तिच्यात. लहान काचेची टाकी घे आधी.

भाची: बरेच जण असंच सांगतात. पण वर्ष-दीड वर्षात तो पूर्ण वाढतो, मग टाकी फेकून पेटी करायचीच. पेटी ओकीबोकी ठेवली तर पिल्लू बावरतं, म्हणून आडोसे भरपूर ठेवायचे. दोन्ही टोकांना एकेक लपायची जागा, मधे आडव्या फांद्या. किडे मोकाट सोडायचे नाहीत. गुळगुळीत काठाच्या वाडग्यात किंवा चिमट्यानं द्यायचे, म्हणजे त्याला सापडतात.

मामा: फांद्या कशाच्या?

भाची: आंब्याची, पेरूची. धुऊन उन्हात कडक वाळवलेली. कण्हेर आणि रुई अजिबात नाही, दोन्ही विषारी. बाभूळ काट्यांमुळे नाही.

मामा: सुतार काय म्हनला?

भाची: सुतार म्हणाला, शोकेस करून देतो. मी म्हटलं शोकेस नको, झरोके पाहिजेत. थंड टोकाला खाली आणि गरम टोकाला वर, म्हणजे गरम हवा वरून जाते आणि खालून ताजी येते. प्लायवूड घेतलंय, समोर सरकत्या काचा, त्यांना शोकेसचं छोटं कुलूप, कारण काच सरकवायला सरडा शिकतो. आतल्या सांध्यांना सिलिकॉन, नाही तर किडे तिथेच घर करतात. पॉलिशचा वास पूर्ण जाईपर्यंत पेटी दारं उघडी ठेवून वाळत ठेवायची. बल्बचा होल्डर चिनी मातीचा, प्लास्टिकचा वितळतो. बल्बभोवती लोखंडी जाळी, कारण तो उडी मारून तापल्या काचेला पोट चिकटवतो आणि भाजलेलं त्याला उशिरा कळतं. याच कारणानं आत ठेवायचे ते विजेवर तापणारे ‘गरम दगड’ही घ्यायचे नाहीत. ऊब वरून यायला हवी.

मामा: बरं. गरम टोक झालं. आता मले मे महिना सांग. कूलर बंद असला तं दुपारी खोलीतच ३८ राह्यते. थंडं टोक कोठून आनशीन?

भाची: मामा, मला सगळ्यात जास्त दिवस याच प्रश्नानं खाल्ले. परदेशातल्या पुस्तकांत हा प्रश्नच नसतो. तिथे खोली २० अंशांवर, त्यांना फक्त गरम टोक तयार करायचं असतं. आपल्याला वर्षातले तीन महिने थंड टोक तयार करायचं असतं. म्हणून पेटी घरातल्या सगळ्यात गार खोलीत. स्लॅबखाली तापणाऱ्या वरच्या मजल्यावर नाही, पश्चिमेच्या भिंतीला नाही, खिडकीत तर मुळीच नाही. काचेवर ऊन पडलं की पेटीची भट्टी होते. हिवाळ्यात जो बल्ब ७५ वॉटचा लागतो, तो मे मध्ये २५-४० चा, तोही सकाळचे तीन-चार तास. मधे थर्मोस्टॅट. त्याची तार दगडापाशी, सरड्याची पाठ जिथे येईल त्या उंचीवर. एक थर्मामीटर गरम टोकाला, दुसरा थंड टोकाला. हातानं चाचपून ‘ठीक वाटतंय’ म्हणायचं नाही.

मामा: अन् कूलर?

भाची: खोलीसाठी हो, पेटीवर झोत नाही. त्याला ३०-४० टक्के ओलावा मानवतो. कूलरची ओली हवा सतत अंगावर आली आणि झरोके बंद असले तर फुप्फुसांचा आजार होतो. खिडकी थोडी उघडी ठेवली की आपली कोरडी हवा काम करते. खरी ओल पावसाळ्यात असते. तेव्हा पाण्याची बशी लहान ठेवायची, थंड टोकाला, आणि बल्बचे तास वाढवायचे.

मामा: लाइन गेली तं?

भाची: पाण्याच्या बाटल्या बर्फ करून फ्रीजरमध्ये ठेवलेल्या. फडक्यात गुंडाळून थंड टोकाच्या भिंतीला बाहेरून लावायच्या.

मामा: दुपारी दोन वाजता लाइन गेली. तू कॉलेजात. बाटली कोन लावन? माह्या बहिनीले इचारलं काय?

भाची: विचारलं. ती म्हणाली, बाटली लावीन, पण किड्यांचा डबा स्वयंपाकघरात आला तर डबा आणि तू दोघंही बाहेर.

मामा: शाहानी हाय ते. हे मात्र ध्यानात ठेव. बल्ब बंद पडला तं सरडा दोन दिवस सुस्त राहीन, जगन. पन पेटी तापली तं घंट्यात जाईन. तोंड उघडं ठेवून धापा टाकून राह्यला अन् कोपऱ्यात पळत असला तं समज, वेळ कमी हाय.

भाची: बल्बखाली थोडा वेळ तोंड उघडून बसणं चालतं, ती त्याची ऊब घालवायची रीत. थंड टोकाला बसूनही तसंच करत असेल तर मात्र पेटीच चुकली. डिसेंबर-जानेवारीत उलट. रात्री पारा दहाच्या आसपास येतो, तेव्हा उजेड न देणारा सिरॅमिक हिटर, थर्मोस्टॅटवर. रात्री लाल बल्ब नाही, लाल उजेड त्याला दिसतो आणि झोप मोडते.

मामा: एक गोष्ट मले पटत नाई. आपल्याकडे ऊन फुकट, अन् तू उन्हाची ट्यूब विकत आनून राह्यली.

भाची: उन्हातल्या ज्या किरणांनी कातडीत ड जीवनसत्त्व तयार होतं, ती यूव्हीबी किरणं साध्या काचेतून आत येतच नाहीत. ड नाही तर कॅल्शियम अंगी लागत नाही. वाढत्या पिल्लाचा जबडा मऊ पडतो, पाय वाकतात, बोटं थरथरतात. एकदा वाकलेलं हाड सरळ होत नाही. म्हणून दहा-बारा टक्क्यांची यूव्हीबी ट्यूब, पेटीच्या निम्म्याहून जास्त लांबीची, गरम बाजूला, मधे जाळी नसेल तर दगडापासून फूटभर वर. साधा एलईडी कितीही लखलखला तरी त्यात ही किरणं नसतात. आणि ट्यूब वर्षानं बदलायची. उजेड दिसत असला तरी किरणं संपत आलेली असतात. तुमचं फुकटचं ऊनही देईन. हिवाळ्यात सकाळी अंगणात, जाळीच्या पिंजऱ्यात, अर्धा भाग सावलीत, मी शेजारी. मांजर आणि कावळा दोघंही टपलेले असतात.

मामा: खाली काय टाकशीन? पूर्णेची रेती आनून देऊ काय?

भाची: रेती नको. पिल्लू किड्याबरोबर ती गिळतं आणि आतडं तुंबतं. पहिले काही महिने साधा पेपर, रोज बदलायचा. विष्ठा कशी पडते तेही त्यावर दिसतं. गरम टोकाला शहाबादी फरशीचा तुकडा. ती ऊब धरते आणि नखं घासली जातात.

मामा: हे झाक केलं. आता खाद्याचं मी सांगतो, ते माह्यं काम. वावरातले टोळ-नाकतोडे पकडून चारशीन तं याद राख. आपल्याकडे कपाशीवर, सोयाबीनवर काय काय मारतात ते मी पाह्यलं हाय. २०१७ मध्ये यवतमाळात फवारनीच्या विषानं वीसच्या वर मानसं गेली. मानूस जिथं टिकत नाई तिथं वीतभर सरड्याची काय कथा? फवाऱ्यातून वाचलेला किडा अंगात विष घेऊन फिरते.

भाची: म्हणून घरीच पैदास केलेले रातकिडे आणि झुरळाच्या पाळीव जाती. तुतीची रेशीमशेती करणाऱ्यांकडून रेशमाच्या अळ्याही मिळू शकतात. मऊ असतात, पचतात.

मामा: तुतीवर जपून फवारतात, चुकलं तं त्याइच्याच अळ्या मरतात. हे चांगलं. किडा केवढा द्याचा?

भाची: त्याच्या दोन डोळ्यांमधल्या अंतरापेक्षा मोठा नाही. पिल्लाला दिवसातून दोन-तीनदा, दहा-पंधरा मिनिटं खाईल तेवढे, उरलेले उचलून घ्यायचे. रात्री रातकिडे झोपलेल्या पिल्लालाच कुरतडतात. सोबत रोज बारीक चिरलेला पाला. शेवगा, लसूणघास, भोपळ्याचा कीस, जास्वंदाचं फूल. पालक नेहमी नको, त्यातलं ऑक्झॅलेट कॅल्शियम बांधून ठेवतं. वाढेल तसे किडे कमी, पाला जास्त.

मामा: अन् कॅल्शियमले ढोराइचं मिनरल मिक्श्चर हाय नं, गोठ्यात पडलं हाय.

भाची: नाही मामा. त्यात फॉस्फरस असतो आणि किड्यांत तो आधीच जास्त. त्याला फॉस्फरस नसलेली कॅल्शियमची भुकटी लागते, किड्यांवर चिमूटभर भुरभुरायची.

मामा: बरं बाई. दोन आन मग, एकटा कंटाळन.

भाची: तो कंटाळत नाही. दोन पिल्लं एका पेटीत ठेवली की मोठं लहानाची बोटं नि शेपटीचं टोक तोडतं. अंगाला अंग लावून बसलेली दिसतात तेव्हा प्रेम नसतं, बल्बखालच्या जागेसाठी एक दुसऱ्याला दाबत असतं.

मामा: आता शेवटचं. तुह्या दादाचं लेकरू रांगून राह्यलं.

भाची: माहीत आहे. हे सरडे साल्मोनेला जंतू बाळगतात, स्वतः आजारी दिसत नाहीत. अमेरिकेत २०२४ मध्ये पाळीव बिअर्डेड ड्रॅगनमुळे साथ पसरली, त्यात बरीच तान्ही बाळं होती. म्हणून पेटी माझ्या खोलीत. तिची भांडी मोरीत वेगळी धुवायची, स्वयंपाकाच्या सिंकमध्ये नाही. हात लावला की साबण. पाच वर्षांखालच्या मुलानं हात लावायचा नाही.

मामा: अन् आजारी पडला तं? आमच्या अकोल्यात पशुवैद्यकीय पदव्युत्तर संस्था हाय, नागपूरले कॉलेज हाय. पन गाई-म्हशीचा डॉक्टर सरड्याले हात लावनच असं नाई. आधी फोन करून इचार, सरपटनारे कोन पाहाते. अमरावतीहून बडनेरा अन् मंग अकोला, हे अंतर आजारी पिल्लाले सोपं नाई.

भाची: विचारून ठेवते. मग तुमचं मत बदललं?

मामा: नाई. अंगनातला सरडा माह्या मते अजूनही बरा. त्याले गरम व्हाचं असलं तं दगड हाय, गार व्हाचं असलं तं लिंबाची सावली हाय, कोनाले बाटली लावाले सांगा लागत नाई. तू जे घेऊन राह्यली ते दहा वर्षाचं काम हाय. नोकरी पुन्याले लागली तं पेटी संगं जाईन, लग्न झालं तं सासरी. पन एक करून दाखव. मे महिन्यात पेटी सात दिवस रिकामी चालव. सकाळी सात, दुपारी दोन, रात्री दहा, दोन्ही टोकाइचे आकडे वहीत लिही. लाइन गेली तं तेही लिही. ती वही घेऊन अकोल्याले ये. आकडे बरोबर असले तं मीच तुह्यासंग पिल्लू आनाले येतो.

भाची: आणि चुकले तर?

मामा: तं पेटीत पुस्तकं ठेव.

दोघांचं एकमत झालं नाही आणि होण्याची गरजही नाही. मामांचा आक्षेप पाळण्यावर आहे, भाचीचा हट्ट नीट पाळण्यावर. पण रिकामी पेटी आधी चालवून बघायची, ही अट दोघांनाही मान्य आहे आणि ती वऱ्हाडातल्या प्रत्येक घराला लागू आहे. हा सरडा मनात असेल तर आधी कागद बघा, मग पेटी करा, मग वही लिहा, पिल्लू सगळ्यात शेवटी. जमलं नाही तर त्याला वडाळीच्या किंवा मेळघाटच्या रानात सोडून येऊ नका, जाणत्या पाळणाऱ्याच्या ताब्यात रीतसर द्या. आणि मे मधल्या दुपारी लाइन जाऊन तास उलटल्यावर पेटीचं थंड टोक ३२ अंशांच्या पुढे जात असेल, तर त्या घरात हा प्राणी आणू नये.